पॅटनसमोरची जीप : लहान तोफ नेमकी लढते कशी?

काल १० सप्टेंबर. सकाळपासून मोबाईलवर परमवीर अब्दुल हमीद यांची पोस्टर्स येत होती. तुम्हालाही आली असतील. एका पोस्टरमध्ये त्यांची जीप मोकळ्या मैदानातून थेट पाकिस्तानी टँकांच्या रांगेवर धावून जातेय, मागे ज्वाळा, वर तिरंगा. मी ते पोस्टर पुतण्याला दाखवलं. पोरगा सातवीत आहे. दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "काका, असं केलं असतं तर ते पहिल्याच मिनिटाला गेले असते."

मी जरा चिडलोच. परमवीरांबद्दल असं बोलतात का? पण नंतर लक्षात आलं की पोरगं बरोबर बोलतंय. ते अपमान करत नव्हतं. उलट पोस्टर काढणाऱ्यापेक्षा त्या माणसाला जास्त ओळखत होतं.

ते कसं, हे सांगायचं म्हणून आजची ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

पावसाळ्यात रविवारी आमच्याकडे एक खेळ चालतो. इंग्रजीत त्याला वॉरगेम म्हणतात. आम्ही नुसतं 'लढाई' म्हणतो. हॉलमधली फरशी म्हणजे रणांगण. एक फरशी म्हणजे शंभर मीटर. काड्यापेटी म्हणजे टँक, पेनाचं टोपण म्हणजे लहान तोफ, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे म्हणजे उसाचं शेत. एकदा मी सरकवायचं, एकदा त्याने. गोळा लागला की नाही ते फासा ठरवतो. जवळून मारलं तर कमी आकड्यावरही लागतो, लांबून मारलं तर सहाच पडायला पाहिजे. तोफा कुठे लपवल्या ते चिठ्ठीवर लिहून आप्पांकडे द्यायचं. आप्पा म्हणजे माझे वडील, मूळचे शिरपूरकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले, आणि या खेळातले पंच. त्यांचा शब्द शेवटचा.

हा पोरखेळ वाटेल, पण याचा इतिहास चांगलाच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर सोंगट्या मांडून खेळायचा युद्धखेळ दाखवला. तिथल्या सेनाप्रमुखांना तो इतका पटला की पलटणींनी तो वापरावा अशी शिफारस त्यांनी केली. पंच, फासा आणि 'शत्रूचं सगळं तुम्हाला दिसणार नाही' हा नियम, तिन्ही गोष्टी तिथे होत्या. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलाने जमिनीवर खडूच्या रेघा मारून जर्मन पाणबुड्यांचे डाव सोडवले, त्यात तरुण मुलींचा मोठा वाटा होता. आपल्याकडेही अधिकाऱ्यांना वाळूच्या नकाशावर लढाया मांडून शिकवतात. धुळ्याहून आग्रा रोडने निघालात की सेंधव्याचा घाट चढून पुढे महू लागतं. तिथे आपल्या पायदळाची शाळा आहे, इन्फंट्री स्कूल. आपल्यातल्या कितीतरी जणांनी इंदूरला जाताना ती पाटी बघितली असेल.

तर मुद्दा असा. पुतण्याने पहिल्यांदा लहान तोफा घेतल्या तेव्हा तिन्ही टोपणं त्याने रस्त्यावर एका ओळीत मांडली, तोंड समोर. माझे टँक दहा फरशांवर असतानाच फायर सुरू. एक गोळा लागला, दोन हुकले. आता तोफा कुठे आहेत ते मला कळलं. माझ्या आठ टँकांनी एकेक करून तिन्ही उडवल्या. तिसऱ्या पाळीला डाव खल्लास. पोरगं रडकुंडीला आलं. आप्पा चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "घाई कसाले करस रे?"

लहान तोफेचं अख्खं शास्त्र त्या वाक्यात आहे.

बघा, टँकला जाड पोलाद आहे, पट्टे आहेत, मशीनगन आहे. लहान रणगाडाविरोधी तोफेला काय आहे? एक नळी, पातळ ढाल किंवा तीही नाही, आणि तीन-चार माणसं उघड्यावर. समोरासमोर उभं राहून मारामारी केली तर ती हरणारच. तिच्याकडे दोनच गोष्टी आहेत. ती लहान आहे म्हणून लपू शकते. आणि ती लपली आहे तोवर पहिला गोळा कधी मारायचा हे तिच्या हातात आहे. दोन्ही गोष्टी एकदाच खर्च होतात. पहिला गोळा सुटला की जागा उघडी पडली.

म्हणून पुढच्या चार-पाच रविवारांत पुतण्या जे शिकला, ते असं.

पहिलं, तोफ रस्त्याच्या समोर नाही, बाजूला ठेवायची. टँकचं जाड पोलाद पुढे असतं, कुशीला पातळ. शिवाय टँक पुढे बघत चालतो. झाकणं बंद करून आत बसलेल्या माणसाला फटीतून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. बाजूच्या शेतातलं टोपण त्याला दिसत नाही.

दुसरं, थांबायचं. शत्रू दिसला म्हणून मारायचं नाही. पहिला गोळा लागणारच, इतका जवळ येऊ द्यायचा. खेळात हे सगळ्यात अवघड. पोरगं फासा हातात घेऊन अक्षरशः थरथरायचं.

तिसरं, एकटी तोफ ठेवायची नाही. दोन तोफा अशा ठेवायच्या की एकीकडे टँकने तोंड वळवलं की त्याची कूस दुसरीकडे येईल.

चौथं, एक-दोन गोळे झाले की जागा सोडायची. तिथेच बसून तिसरा मारायचा मोह म्हणजे मरण. त्यासाठी दुसरी जागा आणि तिथे जायची आडोशाची वाट आधीच बघून ठेवायची.

पाचवं, तोफेजवळ पायदळ पाहिजे. नाहीतर शत्रूचे चार शिपाई शेतातून सरपटत येतात आणि तोफ घेऊन जातात. आणि शत्रूचे टँक पायदळाशिवाय आले असतील, तर समजायचं की आज आपला दिवस आहे.

हे नियम काही आम्ही शोधले नाहीत. ते रक्त सांडून शिकलेले आहेत.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश आणि भारतीय सैन्याकडे '२ पौंडी' नावाची तोफ होती. गोळा ४० मिलिमीटरचा, म्हणजे दोन पौंडांच्या आसपास. १९४० मध्ये तोफ चांगली होती. पण जर्मन टँकांचं पोलाद वाढत गेलं आणि तोफ तीच राहिली. फ्रान्समधून पळून येताना इंग्रजांच्या कितीतरी तोफा तिथेच राहिल्या. नवी ६ पौंडी तोफ तयार होती, पण कारखाने थांबवून ती सुरू केली तर मधल्या काळात हातात काहीच नसणार. म्हणून जुनीच बनवत राहिले. त्याची किंमत आफ्रिकेच्या वाळवंटात तोफखान्यातल्या पोरांनी दिली. वाळवंटात ना ऊस, ना केळी, ना बांध. लपायचं कुठे?

पण त्याच वाळवंटात ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत एक गंमत झाली. 'स्नाइप' हे सांकेतिक नाव दिलेल्या एका खोलगट जागेत रात्रीच्या अंधारात १९ तोफा नेऊन बसवल्या, सगळ्या ६ पौंडी. उजाडलं तेव्हा कळलं की आपण शत्रूच्या टँकांच्या मध्येच येऊन बसलोय! दिवसभर जर्मन आणि इटालियन टँक वेगवेगळ्या बाजूंनी येत राहिले. ज्या बाजूला ते तोंड करत, त्याच्या दुसऱ्या बाजूची तोफ त्यांची कूस फोडत होती. संध्याकाळपर्यंत तीसच्या वर टँक आणि चालत्या तोफा निकामी. एका तोफेवर शेवटी मोजकेच गोळे उरले. जीपमधून धावत जाऊन कुणीतरी गोळे आणले, खुद्द पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल टर्नर तोफ भरायला बसले, आणि टँक अगदी जवळ येईपर्यंत तोफेवरचा सार्जंट थांबला. मग मारलं. टर्नर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जीप, लहान तोफ, आणि थांबणं. हे तीन शब्द लक्षात ठेवा आणि आता माझ्यासोबत पंजाबात चला.

सप्टेंबर १९६५. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. भारतीय सैन्याने ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. खेमकरणच्या बाजूला आपली ४ माउंटन डिव्हिजन होती, प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग. या डिव्हिजनचं चिन्ह लाल गरुड. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या त्याच वाळवंटात लढलेली ही डिव्हिजन. पण १९६२ मध्ये चीनसमोर तिची वाताहत झाली होती. ४ ग्रेनेडियर्स ही पलटण तेव्हा नामका चू नदीच्या बाजूला होती आणि अब्दुल हमीद त्याच पलटणीत होते. म्हणजे १९६५ मध्ये खेमकरणला उभी असलेली ही माणसं एक हार पचवून आलेली होती. वर डिव्हिजन डोंगरासाठी बांधलेली, त्यामुळे टँक मारायची शस्त्रं मैदानी डिव्हिजनपेक्षा कमी.

सुरुवात काही चांगली झाली नाही. आपला हल्ला अडला. समोर पाकिस्तानची १ आर्मर्ड डिव्हिजन होती, अमेरिकन पॅटन टँकांची. एकेक टँक पंचेचाळीस टनांच्या आसपास, ९० मिलिमीटरची तोफ. त्यांचा बेत असा की खेमकरणमधून घुसायचं, बियास नदीच्या पुलापर्यंत धडक मारायची आणि अमृतसरसकट सगळा भाग मागून तोडायचा. तो बेत जमला असता तर युद्धाचं चित्रच वेगळं झालं असतं.

तेव्हा गुरबक्ष सिंगांनी काय केलं? मागे सरकले. आणि असल उत्ताड गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे लावले. नाल म्हणजे तीन बाजूंनी आपण आणि मधे रिकामी जागा. पुतण्याच्या भाषेत सांगायचं तर 'काका, ही तर पिशवी आहे, टँक आत येऊ द्यायचे.' सप्टेंबरमध्ये तिथे माणूसभर उंच ऊस. नाले-कालवे फोडून आजूबाजूच्या शेतांत पाणी सोडलं. आता आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. भाद्रपदात पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते रावेर-यावलच्या माणसाला विचारा. दोन बैलजोड्या लावाव्या लागतात बाहेर काढायला. मग पंचेचाळीस टनांचं धूड चिखलात गेलं तर?

ते मागे सरकणं पळणं नव्हतं. तोफेसाठी जागा निवडणं होतं. हा फरक पोस्टरमध्ये कधी येत नाही.

आता त्या जीपवरच्या तोफेबद्दल. तिला आरसीएल म्हणतात, रिकॉइललेस. १०६ मिलिमीटरची. साध्या तोफेतून गोळा सुटला की तोफ मागे जोराचा धक्का देते, म्हणून तिला जड गाडा लागतो. या तोफेत दारूचा अर्धा जोर मागच्या तोंडातून बाहेर सोडून देतात, त्यामुळे धक्का जवळजवळ नाही. म्हणून इतकी मोठी नळी जीपवर बसते. नळीवर एक छोटी बंदूकही जोडलेली असते, तिची गोळी जिथे लागली तिथेच मोठा गोळा जाणार, असा हिशोब. टप्पा साधारण हजार-अकराशे मीटर. पोलाद फोडायचं तंत्र असं की गोळा वेगाने आपटून नाही, तर आतल्या दारूची धार एका बिंदूवर आणून भोक पाडतो. म्हणजे हा गोळा पॅटनला समोरूनही भेदू शकत होता.

मग बाजूने जायची गरज काय? इथेच खरी मेख आहे. दारूचा अर्धा जोर मागे सुटतो म्हटल्यावर मागे काय होत असेल? उन्हाळ्यात धुळ्याला वावटळ उठते ना, तसा धुळीचा लोट आणि आगीचा भपका. गोळा सुटला की मैलभरावरूनही कळतं जीप कुठे आहे. जीपला ना ढाल, ना पोलाद. माणसं छातीपर्यंत उघडी. समोरच्या सगळ्या टँकांनी ती एकदम बघितली तर संपलं. बाजूला गेलं तर एका वेळी एक-दोघांनाच दिसते, टँकची लांबलचक कूस समोर येते, आणि बाकीच्यांना तोंड वळवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात निसटायचं.

अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. जन्म १९३३. वडील शिंपी. १९५४ मध्ये फौजेत भरती झाले. ग्रेनेडियर्स म्हणजे जुन्या बॉम्बे आर्मीतली रेजिमेंट, तिचं केंद्र आता जबलपूरला. आपल्या भुसावळ जंक्शनवरून इटारसीमार्गे जबलपूरकडे जी गाडी जाते, त्याच वाटेने आजही पूर्वेकडची कितीतरी फौजी पोरं येतात-जातात. हमीद हे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे कंपनीचं सामानसुमान, रेशन, कपडालत्ता बघणारे. पण आरसीएलवर त्यांचा हात बसलेला होता. युद्ध आलं तेव्हा त्यांना परत त्या तोफेवर घेतलं. कोठी सांभाळणारा माणूस. घाई न करणारा, मोजून देणारा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

१० सप्टेंबरची सकाळ. खेमकरण ते भिखीविंड रस्ता, चीमा गावाच्या पुढे. आठच्या सुमाराला पॅटन टँकांच्या रेजिमेंटने ४ ग्रेनेडियर्सवर हल्ला केला. तोफखान्याचा भडिमार सुरूच होता. नऊपर्यंत टँक पुढच्या कंपन्यांच्या मोर्च्यांमध्ये घुसले.

आता परमवीर चक्राच्या मानपत्रात जे आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. परिस्थितीचं गांभीर्य ओळखून हमीद आपली जीप घेऊन *बाजूच्या* जागेवर गेले. तिथून त्यांनी सगळ्यात पुढचा टँक उडवला. मग लगेच *जागा बदलली*. दुसरा टँक पेटवला. तोवर टँकांनी त्यांना हेरलं होतं. मशीनगन आणि तोफांचा मारा त्यांच्यावर एकवटला. ते हटले नाहीत. आणखी एका टँकवर मारा करत असतानाच गोळा लागून ते कोसळले. पण त्यांनी आपल्या साथीदारांना असा जोर दिला होता की हल्ला परतवला गेला.

मी दोन शब्द ठळक केलेत. 'बाजूच्या' आणि 'जागा बदलली'. पुतण्याचे पहिला आणि चौथा नियम. कागदावर, सरकारी भाषेत, १९६५ पासून लिहिलेले आहेत. पोस्टरवाल्याने ते वाचले नाहीत, एवढंच.

आणि आकड्यांचं म्हणाल तर फॉरवर्डमध्ये कधी सात टँक, कधी आठ, कधी दहा असतात. मानपत्रात त्या सकाळच्या लढाईचं वर्णन दोन उडवलेल्या टँकांचं आणि तिसऱ्याशी चाललेल्या झुंजीचं आहे. आधीच्या दोन दिवसांतले धरून पलटणीच्या कथनात आकडा वाढतो. मला यात कमीपणा वाटत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही आपल्या धुळ्यात उभं आहे. गावोगाव पायी फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या त्या माणसाने आपल्याला एकच शिकवलं, की आधी मूळ कागद बघा. त्यांच्याच गावात बसून आपण 'दहा टँक' पुढे ढकलायचे का? उघड्या जीपवरून दोन पॅटन, दुसरा पहिल्यानंतर जागा बदलून, सगळी तोफांची तोंडं आपल्याकडे वळताना. यात फुगवायची गरज कुठे आहे?

आणि शेवटचा भाग. मी आधी म्हटलं, तिथेच बसून पुढचा गोळा मारायचा मोह म्हणजे मरण. हमीदांना हा नियम माहीत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी त्याच सकाळी तो पाळूनही दाखवला होता. पण मोर्च्यांमध्ये टँक घुसलेले, मागे आपलीच पोरं खंदकात. सरकून, लपून परत यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात टँक आणखी आत गेले असते. नियम माहीत असलेल्या माणसाने, किंमत माहीत असताना, तो मोडला. पोस्टरमधला माणूस काही विचार न करता धावतो. खरा माणूस सगळा विचार करून थांबला. सांगा, मोठा कोण?

म्हणून म्हणतो, डावपेच समजून घेतल्याने शौर्य लहान होत नाही. उलट तेव्हाच ते दिसतं.

आता राहिलेली लढाई. ती एकट्या जीपने जिंकलेली नाही, आणि असं म्हटल्याने हमीदांना काही कमी पडत नाही. त्या उसात आपलेही टँक लपलेले होते. ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, प्रमुख लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब. डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन, दुसऱ्या महायुद्धातले, पॅटनसमोर कागदावर तर काहीच नाहीत. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपल्या अलिबागचे. त्यांनी काय केलं? टँक असून लहान तोफेसारखे वागले. उसात दडले, इंजिन शांत, पॅटन कुशीला येईपर्यंत थांबले. वैद्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ मध्ये परत दुसऱ्यांदा मिळालं, आणि पुढे ते भूदलप्रमुख झाले. १९८६ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली हेही आपल्याला माहीत आहे. या सगळ्या टँकांची ब्रिगेड होती ब्रिगेडियर थिओगराज यांची. आणि सगळ्यांच्या वर वेस्टर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग.

हमीद, कॅलेब, वैद्य, थिओगराज, गुरबक्ष, हरबक्ष. ही नावं एकदा सलग मोठ्याने वाचा. मी यावर भाषण देणार नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.

समोरच्यांचं काय चुकलं? मशीन त्यांचं भारी होतं, पण टँक पुढे आणि पायदळ मागे राहिलं. उसात काय आहे ते बघायला पायी माणूसच लागतो. बाजूने वळसा घालायला गेले तर पाण्याने भरलेल्या शेतात पट्टे रुतले. रुतलेला टँक म्हणजे लोखंडी खोली. कितीतरी टँक चालू अवस्थेत सोडून माणसं निघून गेली. भारतीय नोंदीप्रमाणे या लढाईत पाकिस्तानचे ९७ टँक गेले. भिखीविंडजवळ ते ओळीने आणून उभे केले आणि लोक त्या जागेला 'पॅटननगर' म्हणायला लागले. आणि एक विचित्र गोष्ट बघा. पॅटन अमेरिकेचा, आणि त्याला मारणारी १०६ मिलिमीटरची तोफही मूळ अमेरिकेच्याच आराखड्याची. मशीन दोन्हीकडे एकाच देशातलं. फरक पडला तो जागेने आणि धीराने.

१६ सप्टेंबरला, म्हणजे सहाच दिवसांत, परमवीर चक्र जाहीर झालं. २६ जानेवारी १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून ते रसूलनबीबींनी घेतलं. नवऱ्याच्या ऐवजी.

हे सगळं मी का लिहितोय? काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून गेलो होतो. शाळेचं नाव राहू द्या. मुलांनी 'अब्दुल हमीद' नाटिका बसवली होती. पुठ्ठ्याची जीप स्टेजवरून पुठ्ठ्याच्या टँकवर आपटली, फटाका फुटला, टाळ्या. मीही वाजवल्या. पण घरी येताना वाटलं, आपण या पोरांना काय शिकवलं? की शौर्य म्हणजे डोळे मिटून धावत जाणं. आपल्या खान्देशातून दरवर्षी किती पोरं भरतीला जातात. जळगाव, धुळ्याच्या मैदानांवर पहाटे साडेचारला धावताना दिसतात. आपल्याच खान्देशात वरणगावला फौजेसाठी काडतुसं बनतात, ज्यांच्या घरातली माणसं त्या कारखान्यात घाम गाळतात असे कितीतरी जण ही पोस्ट वाचत असतील. या पोरांना पोस्टर द्यायचं की खरी गोष्ट? जो मुलगा उद्या खरोखर खंदकात बसणार आहे, त्याला कुणीतरी सांगायला नको का, की परमवीर आधी बाजूला गेले, थांबले, मारलं, सरकले, आणि मग ज्या क्षणी सरकणं शक्य नव्हतं त्या क्षणी थांबून राहिले?

हे युद्धाचं कौतुक म्हणून लिहीत नाही. काल संध्याकाळी आम्ही असल उत्ताड फरशीवर मांडलं. पुतण्याकडे एक टोपण, जीपवालं. त्याने ते घासणीच्या मागे लपवलं, थांबला, मारलं, सरकवलं, परत मारलं. मग माझ्या टँकांना ते दिसलं. सरकवायला जागा होती, पण मागे त्याच्या पायदळाच्या काड्या उघड्या पडत होत्या. त्याने टोपण हलवलं नाही. मी फासा टाकला. सहा.

आप्पांनी हात पुढे करून ते टोपण उचललं. नेहमी ते सरळ डबीत टाकतात. काल थोडा वेळ हातात धरून बसले. पोरगं म्हणालं, "आप्पा, खेळात परत घेता येतं ना." आप्पा म्हणाले, "हां बेटा, खेळात."

पुढच्या १० सप्टेंबरला, शिक्षक मित्रांनो, एक विनंती. नाटिका करा, पण आधी मानपत्र मोठ्याने वाचा. जमलं तर मैदानात चुन्याच्या रेघांनी नाल काढा आणि मुलांना विचारा, 'जीप तू कुठे ठेवशील?' अर्धा तास लागतो. आणि ज्यांच्या घरात ६५ किंवा ७१ ला गेलेलं कुणी आहे, आजोबा, मामा, शेजारचे फौजी काका, त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा. पलटण कोणती, कुठे होते, काय सांगायचे. ती माणसं आता फार थोडी उरलीत. पोस्टर बनवणारे पुष्कळ आहेत, ऐकून लिहून ठेवणारे कमी.

जय हिंद.